भूलभुलैयाच्या सगळ्याच भिंती का पडतात?

प्रश्न : पायथॉन ही प्रोग्रॅमिंगची भाषा येत असल्यामुळे हास्केल या दुसऱ्या भाषेच्या सरावासाठी भूलभुलैया तयार करणारा प्रोग्रॅम लिहायला घेतला. एका घरापासून निघून, न पाहिलेल्या प्रत्येक शेजारी घरासाठी मॅपच्या (यादीतल्या प्रत्येक घटकावर एकच फंक्शन वेगवेगळे चालवणाऱ्या सोयीच्या) साहाय्याने तेच फंक्शन पुन्हा बोलावले आणि मधली भिंत पाडत गेलो. मात्र ४ × ४ च्या चौकटीत एकही भिंत उरत नाही आणि १० × १० चा प्रोग्रॅम संपतच नाही. पायथॉनमध्ये हीच रीत बिनतक्रार चालली होती.

उत्तर : पायथॉनमध्ये पाहिलेल्या घरांचा सेट (संच) एकच होता आणि प्रत्येक फेरी त्यातच भर घालत होती. हास्केलमध्ये सेट बदलत नाही. घर जोडले की नवा सेट मिळतो, जुना तसाच राहतो. मॅप प्रत्येक शेजाऱ्याच्या हाती तोच जुना सेट देतो, त्यामुळे पहिली शाखा सगळी चौकट फिरून आली तरी दुसरीला त्याचा पत्ताच नसतो. परिणामी तुमचा प्रोग्रॅम त्या घरातून निघणारी, एकही घर दोनदा न घेणारी प्रत्येक वाट चालून पाहतो, आणि १० × १० च्या चौकटीत अशा वाटा इतक्या प्रचंड असतात की संगणकाने हात टेकावेत.

मॅपच्या जागी फोल्ड (यादीतले घटक एकामागून एक घेत आधीचा निकाल पुढे नेणारे फंक्शन) वापरावा आणि पाहिलेली घरे व पाडलेल्या भिंती ही जोडी एका शेजाऱ्याकडून पुढच्याकडे सोपवत न्यावी. घर पाहिले आहे की नाही, हे त्याची पाळी आल्यावरच तपासावे. शेजाऱ्यांची यादी आधीच गाळून ठेवली, तर मधल्या काळात पाहून झालेले घर पुन्हा उघडले जाते, आणि ही चूक सहज नजरेतून सुटते. पडताळा सोपा आहे : ४ × ४ मध्ये आतल्या भिंती २४ असतात आणि १६ घरे जोडायला नेमकी १५ दारे लागतात, म्हणून शेवटी ९ भिंती उरल्याच पाहिजेत.

दिशांचा क्रम पिसतानाही हाच घोळ होतो. रँडम जनरेटर (यादृच्छिक आकडे देणारा) आकड्याबरोबर नवा जनरेटरही परत देतो. तो टाकून जुनाच वापरला, तर प्रत्येक घरात तोच क्रम येतो आणि लांबच लांब सरळ बोळ तयार होतात. म्हणून नवा जनरेटरही त्याच जोडीत तिसरा घटक म्हणून ठेवावा. ही ने-आण स्टेट मोनाड (अशी माहिती पडद्याआड पुढे नेणारी हास्केलमधली रचना) झाकून टाकतो. पण एकदा ती हाताने लिहून पाहिल्याशिवाय त्याच्याकडे वळू नये, असे माझे मत आहे.