सांगलीत सायबर जागृतीचा कार्यक्रम पहिल्यांदाच घेताय त्यांच्यासाठी

मोठं सभागृह आणि दिवसभराची भाषणं टाळा. पतसंस्थांचे कॅशिअर, मार्केट यार्डातल्या हळद अडत्यांचे दिवाणजी, साखर कारखान्यांच्या हिशेब विभागातली मंडळी अशी ३०-४० माणसं बोलवा. पैसे यांच्याच हातून सुटतात. मार्चअखेर आणि सौद्यांची गर्दी असलेले दिवस नकोत.

निम्म्याहून जास्त वेळ सरावाला द्या. ‘पार्टीचं खातं बदललंय, आजच आरटीजीएस करा’ असा बनावट मेल छापून चार-चार जणांच्या गटाला द्या आणि खात्री कशी कराल ते विचारा. उत्तर एकच: मेलमधल्या नंबरवर नाही, आपल्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवर फोन. सरावासाठी खोटी लिंक पाठवणार असाल तर संस्थेची लेखी परवानगी घ्या, आणि कोण फसलं त्यांची नावं कधीही वाचून दाखवू नका. चारचौघांत ओशाळलेला माणूस पुढची खरी फसवणूक लपवतो. मग पैसे गोठवता येण्याचे सुरुवातीचे मोलाचे तास हातचे जातात.

१९३० हा सायबर फसवणुकीची तक्रार करायचा हेल्पलाइन क्रमांक तिथेच प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये सेव्ह करून घ्या. तक्रारीत व्यवहाराचा यूटीआर क्रमांक (त्या व्यवहाराचा स्वतंत्र ओळख क्रमांक) विचारतात, तो बँकेच्या अ‍ॅपमध्ये कुठे दिसतो तेही दाखवा. सभागृहात रेंज येते का, हे मात्र आदल्या दिवशीच तपासा.