लेयर मॅश भिजवून २४ तास ठेवलं तरी आंबूस वास येत नाही. हे खाद्य कोंबड्यांना द्यावं का, आणि किती?

तुमच्याकडे अंड्यावरच्या आठ कोंबड्या आहेत. लेयर मॅश, म्हणजे अशा कोंबड्यांचं तयार दळलेलं खाद्य, बादलीत भिजवून एक दिवस ठेवता, बुडबुडे येतात, वर पांढरा थर धरतो, पण वास आंबट नसून नुसता ओलसर, पिठूळ येतो. अशा अवस्थेतलं खाद्य देऊ नका. ते भिजलंय, आंबलेलं नाही. दोन्हींत फरक आम्लाचा आहे, आणि आंबवलेल्या खाद्याचं सगळं सामर्थ्य त्या आम्लातच असतं.

धान्य पाण्यात पडलं की त्याच्यावरचे सगळेच जिवाणू एकदम वाढायला लागतात. त्यात लॅक्टिक आम्ल तयार करणारे असतात, तसे ई. कोलायच्या कुळातलेही असतात. पहिला दिवसभर या दुसऱ्या गटाची चलती असते. लॅक्टिक जिवाणूंनी पुरेसं आम्ल केलं आणि पीएच (आंबटपणाचा आकडा, जितका कमी तितकं आंबट) ४.५ च्या खाली आला, की बाकीचे मागे पडतात. म्हणजे कोरडं खाद्य सुरक्षित आणि नीट आंबलेलं खाद्यही सुरक्षित. सगळ्यात वाईट म्हणजे मधली अवस्था. बरेच जण नेमकं त्याच वेळी खाद्य काढून घालतात, कारण बुडबुडे दिसले म्हणजे आंबलं असं त्यांना वाटतं.

तुमच्या बादलीतल्या बुडबुड्यांना दुसरंही कारण आहे. लेयर मॅशमध्ये अंड्याच्या कवचासाठी चुनखडी घातलेली असते, साधारण आठ-नऊ टक्के. चुनखडीला आम्ल लागलं की कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि आम्ल तिथेच संपतं. एक किलो मॅशमध्ये ८५ ग्रॅम चुनखडी धरली, तर ती सगळी मिळून सुमारे १५० ग्रॅम लॅक्टिक आम्ल गिळू शकते. तेवढं आम्ल बादलीत दोन दिवसांत तयार होतच नाही. चुनखडीचे खडे मोठे असतील तर ती हळू विरघळते आणि पीएच थोडा तरी उतरतो. बारीक भुकटी असेल तर तो पाचच्या वरच रेंगाळतो. म्हणून लेयर मॅश चार दिवस ठेवूनही नीट आंबत नाही, उलट बिघडायला भरपूर वेळ मिळतो.

पूर्ण खाद्य आंबवू नये याला आणखी एक कारण आहे, आणि त्याकडे फार कमी लोक लक्ष देतात. तयार खाद्यात लायसिनसारखी अमिनो आम्लं वेगळी मिसळलेली असतात. ती मोकळ्या रूपात असल्याने जिवाणू आधी त्यांच्यावरच ताव मारतात. काही जीवनसत्त्वंही अशीच कमी होतात. पिशवीवर १७ टक्के प्रथिनं लिहिलेली असली तरी कोंबडीच्या पोटात त्यातलं उपयोगी किती जाईल याचा भरवसा राहत नाही.

म्हणून माझा ठाम सल्ला असा: आंबवायचं ते फक्त धान्य. प्रथिनं, खनिजं, जीवनसत्त्वं आणि कॅल्शियम खाऊ घालण्याच्या वेळी कोरडं मिसळायचं.

यासाठी लेयर कॉन्सन्ट्रेट घ्या, म्हणजे हे सगळे घटक एकत्र असलेलं कोरडं मिश्रण. ते धान्यात मिसळण्यासाठीच बनवलेलं असतं आणि किती टक्के मिसळायचं ते पिशवीवर छापलेलं असतं. हे प्रमाण उत्पादकागणिक बदलतं, तेव्हा तुमच्या पिशवीवरचाच आकडा धरा. इथे हिशेबापुरतं ६० भाग धान्य आणि ४० भाग कॉन्सन्ट्रेट धरतो. अंड्यावरची मध्यम बांध्याची कोंबडी दिवसाला ११० ते १२० ग्रॅम कोरडं खाद्य खाते. आठ कोंबड्यांचे साधारण ९५० ग्रॅम झाले. त्यातलं ५७० ग्रॅम धान्य आंबवायचं आणि ३८० ग्रॅम कॉन्सन्ट्रेट बाजूला ठेवायचं.

धान्य भरडून घ्या. पीठ नको आणि अख्खं नको. एका दाण्याचे चार-पाच तुकडे पुरेत. अख्खा दाणाही आंबतो, पण आम्ल आतपर्यंत पोचायला वेळ लागतो आणि पाणी जास्त लागतं. गहू, बार्ली, मका, ज्वारी यांतलं काहीही चालेल. गहू आणि बार्लीत फायटेझ हे विकर मुळातच चांगलं असतं. भिजवल्यावर ते कामाला लागतं आणि दाण्यात अडकलेला फॉस्फरस मोकळा करतं. मका आणि ज्वारीत ते नगण्य असतं, म्हणून जमल्यास निम्मा गहू ठेवा. मात्र फॉस्फरस मोकळा होतो म्हणून कॉन्सन्ट्रेट कमी करण्याचा हिशेब स्वतःच्या मनाने करू नका.

भांडं काचेचं, चिनी मातीचं किंवा खाण्याच्या वस्तूंसाठीच्या प्लास्टिकचं घ्या. जस्ताचा मुलामा दिलेली बादली अजिबात नको. आम्लात जस्त उतरतं आणि जस्ताची विषबाधा पक्ष्यांना होते. तांबं आणि ॲल्युमिनियमही टाळा. भांडं दोन तृतीयांशच भरा, कारण भरडा फुगतो. झाकण सैल ठेवा. घट्ट लावलं तर वायू साठून झाकण उडतं.

पाण्याचं प्रमाण वजनावर धरा: एक भाग भरड्याला सव्वा भाग पाणी. ५७० ग्रॅमला साधारण ७०० मिली. नळाच्या पाण्यात क्लोरीन असेल तर रात्रभर उघडं ठेवा किंवा उकळून थंड करा. क्लोरामाइन (क्लोरीन आणि अमोनियाचं संयुग) घातलेलं पाणी असेल तर नुसतं उघडं ठेवून ते जात नाही, तेव्हा विहिरीचं, पावसाचं किंवा कार्बन फिल्टरचं पाणी वापरा. दोन तासांनी भांडं बघा. भरड्याने पाणी पिऊन वरचा थर कोरडा पडला असेल तर अर्धी वाटी पाणी वाढवा. भरडा पाण्याखाली राहिला पाहिजे, कारण बुरशीला हवा लागते आणि लॅक्टिक जिवाणूंना लागत नाही.

पहिल्या वेळी एक-दोन चमचे जिवंत दह्याचं पाणी विरजण म्हणून घातलं तर सुरुवात लवकर होते. नाही घातलं तरी चालतं, धान्यावर जिवाणू असतातच. साखर किंवा गूळ घालू नका, त्यावर यीस्ट माजतं. मीठ नको. सफरचंदाचं व्हिनेगर घालण्याचा सल्ला सगळीकडे दिला जातो, पण त्यातले जिवाणू ॲसेटिक आम्लाचे असतात आणि त्यांना हवा लागते. लॅक्टिक विरजण म्हणून त्याचा उपयोग नाही.

जागा २५ ते ३० अंश सेल्सियसची, सावलीतली. दिवसातून दोनदा ढवळा आणि पुन्हा दाबून पाण्याखाली बसवा. पहिला घाणा तयार व्हायला या तापमानात दोन ते तीन दिवस लागतात, २० अंशांना तीन ते चार. १५ च्या खाली काम इतकं मंदावतं की लॅक्टिक जिवाणूंऐवजी यीस्ट पुढे जातं. थंडीत भांडं घरात घ्या.

तयार झालं हे दिवस मोजून ठरवू नका. पीएच पट्ट्या विकत घ्या, या कामात त्याहून उपयोगी खरेदी नाही. ३ ते ६ ची नेमकी पट्टी असेल तर उत्तम. निवळीत बुडवा, ३.८ ते ४.५ आला की खाद्य तयार. वास स्वच्छ आंबट, दह्याच्या जवळचा हवा.

आता रोजची घडी. तयार घाण्यातलं सुमारे शंभर ग्रॅम भांड्यात मागे ठेवायचं, त्यावर ५७० ग्रॅम ताजा भरडा आणि ७०० मिली पाणी. विरजण आधीच आंबट असल्यामुळे सुरुवातीचा धोक्याचा काळ जवळपास उरत नाही आणि उबेत २४ तासांत पीएच उतरतो. दुसऱ्या दिवशी १,२७० ग्रॅम काढायचं, शंभर पुन्हा ठेवायचं. तुमच्याकडे २४ तासांत ४.५ गाठत नसेल तर दोन भांडी आलटून पालटून वापरा आणि प्रत्येकाला ४८ तास द्या. तीन-चार आठवड्यांनी भांडं रिकामं करून गरम पाण्याने धुवा आणि पहिल्यापासून सुरुवात करा. फार जुन्या विरजणात यीस्ट हळूहळू वरचढ होतं.

काढलेल्या १,२७० ग्रॅममध्ये ३८० ग्रॅम कॉन्सन्ट्रेट कालवा. एकूण १,६५० ग्रॅम, म्हणजे कोंबडीमागे साधारण २०५ ग्रॅम ओलं खाद्य. मुठीत दाबलं की गोळा व्हावा आणि बोटाने टोचलं की फुटावा, इतपत ओलं हवं. भुकटी दाण्याला चिकटल्यामुळे कोंबड्या आवडीचे दाणे वेचून बाकीचं मागे ठेवू शकत नाहीत, आणि चोचीने उधळलं जाणारं धुळीसारखं खाद्य वाचतं. बचत होते ती मुख्यतः इथे. आंबवलं की निम्म्या खाद्यात भागतं, असं सांगणारे ओल्या खाद्याचं वजन धरतात. त्यात पाणी किती हे विसरतात. २०५ ग्रॅम ओल्यात कोरडं ११९ ग्रॅमच आहे. ओलं ११९ ग्रॅम घातलंत तर कोंबडी जवळपास अर्धपोटी राहील आणि दोन आठवड्यांत अंडी घटतील.

कॉन्सन्ट्रेट मिळतच नसेल तर एक टक्क्याच्या आसपास कॅल्शियम असलेलं ग्रोअर प्रकारचं, म्हणजे वाढत्या कोंबड्यांचं, खाद्य घ्या आणि शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात कायम ठेवा. कोंबडी गरजेप्रमाणे तो खाते. असं खाद्य आंबतं, पण लायसिनचा मुद्दा लागू राहतो. तेव्हा त्यातलं निम्मंच आंबवा आणि निम्मं कोरडं मिसळा. आणि हातात फक्त लेयर मॅश असेल तर ते कोरडंच घाला. त्यात आंबवलेलं धान्य वरून मिसळण्याचा मोह होईल, पण जपून. १७ टक्के प्रथिनं आणि ३.८ टक्के कॅल्शियमच्या मॅशमध्ये पाचवा हिस्सा मका मिसळला की प्रथिनं १५.३ आणि कॅल्शियम ३ टक्क्यांवर येतं. दहावा हिस्सा, त्याहून जास्त नको.

पांढऱ्या थराबद्दल. सपाट, पातळ, सुरकुतलेला, सायीसारखा थर असेल तर ते यीस्ट आहे. काढून टाका, ढवळा, पीएच बघा, ४.५ च्या खाली असेल तर खाद्य चालेल. थर रोज येत असेल तर भरडा वर तरंगतोय किंवा जागा थंड आहे. केसाळ, कापसासारखं काही दिसलं, किंवा हिरवा, निळा, काळा, गुलाबी रंग दिसला तर ती बुरशी. वरचं काढून खालचं वापरू नका, तिचे धागे आणि विष आत उतरलेलं असतं. सगळं फेका, विरजणासकट. धान्य मुळातच बुरशीचं असेल तर आंबवून ते सुधारत नाही. अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विष आम्लाने खात्रीने नष्ट होत नाही.

वासावरूनही कळतं. दारूचा किंवा नेलपॉलिश पुसायच्या द्रावणाचा वास म्हणजे यीस्ट माजलंय. विरजण बदला आणि भांडं उबेत ठेवा. खवट लोण्याचा, ओकारीचा किंवा कुजका वास म्हणजे ब्युटिरिक आम्लाचे जिवाणू घुसलेत. ते खाद्य कुठल्याही जनावराला घालू नका.

कडधान्यांबद्दल एक गोष्ट आवर्जून सांगतो, कारण प्रथिनं वाढवायला लोक ती बादलीत टाकतात. कच्चा राजमा विषारी असतो आणि कच्च्या सोयाबीनमधली घटकद्रव्यं प्रथिनांचं पचन अडवतात. दोन दिवसांच्या आंबवण्याने दोन्ही जात नाहीत. सोयाबीन द्यायचं तर भाजलेलं किंवा पेंडीच्या रूपात, कोरडं.

बदल एकदम करू नका. आठ-दहा दिवसांत रोज थोडं वाढवत न्या. सुरुवातीला शीट थोडी पातळ होते, मग बसते. उथळ, लांब भांड्यात घाला म्हणजे कमकुवत कोंबडीलाही जागा मिळते. दिवसाचं खाद्य सकाळ-संध्याकाळ विभागून द्या आणि दोन-अडीच तासांत उरलेलं उचला, उन्हाळ्यात त्याहून लवकर. ओल्या खाद्यावर माशा अंडी घालतात, आणि कालवलेलं कॉन्सन्ट्रेट आम्ल मारत असल्यामुळे ते आंबलेल्या भरड्याइतकं टिकत नाही. म्हणून एका वेळेपुरतंच कालवा. पिण्याचं पाणी नेहमीसारखंच भरलेलं हवं, आणि भरडा पोटात दळला जावा म्हणून कोंबड्यांना गिळायला बारीक खडे वेगळे ठेवा. शिंपल्यांचा चुरा पोटात विरघळतो, दळायच्या कामाला येत नाही.

ज्या कोंबडीच्या गळ्याजवळची अन्नपिशवी सकाळी उपाशीपोटीही फुगलेली, पिलपिलीत लागते आणि तोंडाला आंबट वास येतो, तिला हे खाद्य बंद करून पशुवैद्यकाला दाखवा. रक्ती हगवणीचं औषध मिसळलेलं पिल्लांचं खाद्यही आंबवू नका, मात्रा बिघडते. पिल्लांना मुख्य खाद्य कोरडं स्टार्टरच ठेवा. दुसऱ्या आठवड्यापासून बारीक भरड्याचं आंबवण चिमूटभर, पाणी निथळून, तेही अर्ध्या तासात संपेल इतकंच. पार्श्वभागाला चिकटलेली शीट दिसली तर कोमट पाण्याने पुसा आणि चार दिवस थांबा.