‘ड्राय’ म्हणजे कोरडं कसं?

प्रश्न : सर, मी दिंडोरीजवळच्या एका वायनरीत पाहुण्यांना फिरवून माहिती सांगते. ‘ही ड्राय वाईन’ म्हटलं की गावाकडची मंडळी हसतात. म्हणतात, ‘पेल्यात तर पातळ दिसते, कोरडी कुठून?’ मराठीत काय सांगू?
— एक वाचक, दिंडोरी

उत्तर : ताई, हसणाऱ्यांचं काही चुकत नाही. ‘ड्राय म्हणजे कोरडा’ एवढंच आपण शाळेत घोकलं, आणि ते घोकून घेणाऱ्या मास्तरांत मीही होतो.

इंग्रजीत हा शब्द बऱ्याचदा काहीतरी नाही एवढंच सांगतो. काय नाही, ते पुढचं नाम ठरवतं. वाईनमध्ये साखर नाही. तुमच्याकडे वाईनची द्राक्षं तोडतात तेव्हा ब्रिक्स साधारण २२ ते २४ भरतो, म्हणजे १०० ग्रॅम रसात जवळपास तेवढे ग्रॅम साखर. यीस्ट ती खातं आणि तिचं अल्कोहोल होतं. शेवटी लिटरमागे चारेक ग्रॅमच्या आत उरली, की ती वाईन ड्राय. तेव्हा ‘अगोड’ म्हणा. ‘बिनसाखरेची’ नको; चहासारखी साखर घातलीच नाही असं वाटेल. इथे ती होती, संपली.

आणखी एक. लाल वाईनचा घोट घेतल्यावर तोंड कोरडं पडतं, त्यालाच लोक ड्राय समजतात. तो सालीतल्या आणि बियांतल्या टॅनिनचा तुरटपणा, सुपारी चावल्यावर जीभ आवळते तसा. गोड वाईनही तुरट असू शकते.

बाकी ठिकाणीही हीच तऱ्हा. ड्राय क्लीनिंगमध्ये कपडा चांगला भिजतो, फक्त पाण्यात नाही, रसायनात. ड्राय आइस म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइड; वितळून पाणी होत नाही, थेट वायू होऊन उडून जातो.

आता माझीच फजिती सांगतो. नातवाला ताप होता म्हणून पंचवटीतल्या दुकानातून ड्राय सिरप आणलं. घरी पाहतो तर बाटलीत पांढरी पूड. तसाच परत गेलो, ‘अहो, औषध वाळून गेलंय!’ पोरगेल्याशा दुकानदाराने बाटलीवरची खूण दाखवली, ‘काका, उकळून गार केलेलं पाणी इथपर्यंत घाला आणि हलवा.’ खोक्यावर हे सगळं इंग्रजीतच छापलेलं होतं.

माणसाच्या बोलण्याला ड्राय म्हणताना मात्र जपून. ‘ड्राय ह्यूमर’ ही तारीफ आहे, चेहऱ्यावरची रेघ न हलवता केलेला विनोद. आपल्याकडे कोरडं बोलणं म्हणजे माया नसलेलं. गोठ्यात तर कोरडा शब्द चालतच नाही. ‘ड्राय काऊ’ म्हणजे आटलेली गाय. विण्याआधी दोनेक महिने तिला आटवतात, हे दिंडोरीकरांना मी काय सांगणार!

पण इंग्रजीला हसायचा हक्क आपल्याला कितपत? ‘आज कोरड्यास काय केलंय?’ असं विचारणाऱ्याला भाकरीबरोबर रस्साच हवा असतो.

आणि ‘ड्राय डे’ला काय नसतं, ते कोणी विचारत नाही. २ ऑक्टोबरला तुमच्याकडची ड्राय वाईनसुद्धा मिळत नाही, हे मात्र पाहुण्यांना जरूर सांगा. पुन्हा हसतील.