पांढरे स्नीकर्स घ्यायचेत, पण टाच दुखते

प्रश्न : ताई, मी नागपूरला बर्डीवर कपड्यांच्या शोरूममधे आहे, सकाळी अकरा ते रात्री नऊ उभंच. मला ते एकदम प्लेन पांढरे स्नीकर्स घ्यायचेत, जीन्सवर पण जातात अन् कुर्तीवर पण. पण दोनेक महिन्यांपासून सकाळी पलंगावरून उतरून पहिलं पाऊल टाकलं की टाचेत अशी कळ येते ना, मग थोडं चाललं की कमी होते. आई म्हणते असे चपटे बूट घेऊच नको, मैत्रीण म्हणते बेअरफूटवाले घे, पायाला बेस्ट. कोणाचं ऐकू? (प्रतापनगर)

उत्तर : मैत्रिणीचं तर आत्ता अजिबात नको. ती सांगतेय ते पातळ सोलचे, टाच आणि चवडा एकाच उंचीवर असलेले बूट. ते वापरायचे तर पोटऱ्यांना हळूहळू सवय लावावी लागते, दुखत्या टाचेवर दहा तास उभं राहायला ते नाहीत गं.

तुझी लक्षणं प्लांटर फॅसायटिसची वाटतात. टाचेच्या हाडापासून बोटांपर्यंत तळव्याखाली एक जाड पट्टा असतो, दिवसभर उभं राहून तो ताणल्या जातो, रात्री आखडतो आणि सकाळच्या पहिल्या पावलाला बोंब मारतो. म्हणून बुटाइतकंच घरचंही बघ, टाइल्सवर अनवाणी फिरणं बंद कर, घरात मऊ स्लिपर घाल आणि उठायच्या आधी पलंगावरच पोटऱ्या ताणून घे. पंधरा-वीस दिवसांत फरक नाही पडला तर हाडांच्या डॉक्टरकडे जा.

आता बूट. आईचं म्हणणं अर्धं बरोबर आहे, कारण अशा बहुतेक प्लेन पांढऱ्या बुटांचा मूळ साचा जुन्या टेनिसच्या बुटांचा. आदिदासचा स्टॅन स्मिथच बघ ना, साठच्या दशकात तो आला तेव्हा फ्रान्सच्या रॉबेर हाइये या खेळाडूच्या नावाचा होता, नंतर त्यावर 1972 च्या विम्बल्डन विजेत्या स्टॅन स्मिथचं नाव चढलं. आज मोठ्या स्पर्धेत कोणी तो घालून खेळत नाही, सोल सपाट आणि आत गादी नावापुरती. पण म्हणून असे बूट सोडून द्यायची गरज नाही, कारण दिसणं बाहेरून येतं आणि आराम बराचसा आतून, तो आपण बदलू शकतो.

म्हणजे दुकानात पहिले इनसोल (आतली गादी) ओढून बघायचा. निघाला तर खाली ठेवून त्यावर उभी राहा, पाय कडेनं बाहेर सांडत असेल तर तो बूट कितीही गोड दिसो, परत दे. सगळ्यात लांब बोटापुढे अंगठ्याएवढी जागा पाहिजे (लांब बोट अंगठाच असतं असं नाही, बऱ्याच जणींचं दुसरं असतं). मागून टाचेची कड दाबून बघ, ती सहज चेपायला नको. मग दोन्ही टोकं धरून वाकव, बूट बोटांच्या सांध्यापाशी वाकला तर ठीक, मधोमध कागदासारखा दुमडला तर नाही. हे सगळं होईपर्यंत सेल्समन तोंड वाकडं करेल, करू दे, तू स्वतः तेच काम करतेस तर तुला माहितीच आहे.

जुना इनसोल काढून कमानीला आधार देणारा घाल. जुन्याच्या वर नवा टाकू नको, टाच वर येऊन बूट निसटतो. खरेदीला संध्याकाळी जा, तोपर्यंत पाय थोडे सुजलेले असतात, आणि नवतपात (मे अखेरच्या त्या कडक उन्हात) तसंही दुपारी बर्डीवर कोण फिरतं! दोन पाय सारखे नसतात, मोठ्या पायाचा नंबर घे. घालून घालून सैल होतील असं दुकानदार म्हणतोच, पण चामडं थोडं सैलावतं, रेक्झिन नाही, ते उलट वाकतं तिथे सोलायला लागतं. आणि धुतल्यावर उन्हात ठेवायचे नाहीत, आपल्याकडच्या मे मधल्या उन्हात गोंद पण सुटतो आणि पांढरा सोल पिवळा पडतो. ब्लीच पण नको, त्यानं अजूनच पिवळा होतो.

प्रश्न : माझ्या वडिलांना शुगर आहे, वय 62. फुटाळ्यावर फिरायला त्यांना नातवासारखे पांढरे बूट पाहिजेत. चालतील का? (धरमपेठ)

उत्तर : काका हौशी दिसतात! चालतील, पण लेस किंवा वेल्क्रोचे आणि पुढून रुंद घ्या. आत बोट फिरवून शिवण टोचत नाही ना ते बघा. शुगरमधे पायाची जाणीव कमी होऊ शकते, मग बूट घासून फोड आला तरी कळत नाही. म्हणून रोज घालायच्या आधी बूट झटकून आत हात घालायचा, आणि मोजेही पांढरेच द्या, कुठे रक्त किंवा पू लागला तर लगेच दिसतो. पाय बधिर वाटत असेल किंवा मुंग्या येत असतील तर आधी डॉक्टरांना पाय दाखवा, बर्डी मग.