फॉग लॅम्पची वायर जोडताना

भावा, वायरी पिळून वर काळी टेप गुंडाळायचं आधी सोड. इंजिनच्या उष्णतेने टेपचा गोंद सुटतो, पावसाळ्यात आत पाणी शिरतं आणि तांबं हिरवं पडतं. थिंबल, म्हणजे वायरच्या टोकावर चेपून बसवायचा धातूचा तुकडा, वायरच्या मापाचंच घे: लाल प्लास्टिकचं ०.५ ते १.५ स्क्वेअर एमएमला, निळं २.५ पर्यंत, पिवळं ४ ते ६ ला. साध्या पक्कडीने चेपू नकोस. रॅचेटवालं क्रिंपिंग टूल थोडं महाग पडतं, पण ते पूर्ण दाबल्याशिवाय सुटतच नाही. वायर सोलताना आतली एकही तार तुटायला नको. क्रिंप झाल्यावर जोर लावून ओढून बघ. निसटलं तर कापून नवीन थिंबल लाव. हीटश्रिंकची नळी (गरम केल्यावर आक्रसून जोडावर घट्ट बसते ती) मात्र जोडाआधीच वायरीत ओवून ठेव, हे भलेभले विसरतात! आणि फ्यूज बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतरातच बसव.