नोंदणी आधी, एनआयसीयू मागून

ताई, सप्रेम नमस्कार.

इतर वाचकांना संदर्भ लागावा म्हणून तुमचं पत्र थोडक्यात सांगते. तुम्ही उदगीरजवळच्या गावात अंगणवाडी सेविका आहात. लेकीला बारावीला पीसीबीमध्ये (भौतिक, रसायन, जीवशास्त्र) ६४ टक्के आहेत. नीट दोनदा झाली, दुसऱ्या वेळी ३४१ गुण. तिला काम करायचंय ते बाळंतपण आणि नवजात बाळांच्याच क्षेत्रात, दुसरं काही नको म्हणते. लातूरची एक संस्था ‘एनआयसीयू असिस्टंट’चा एक वर्षाचा डिप्लोमा देते, फी ८५ हजार, ‘शंभर टक्के नोकरी’. मामा म्हणतात बंगळुरूला बी.एस्सी. नर्सिंगला घाला, ओळखीचा एजंट आहे. आणि तुमचा प्रश्न सरळ आहे: यात पगार किती मिळतो, आणि कोणत्या वाटेनं?

आधी त्या डिप्लोमाचं बोलते, कारण तुम्ही पाच हजार भरून जागा धरून ठेवली आहे असं लिहिलंय.

एनआयसीयूत, म्हणजे आपल्याकडे ज्याला ‘बाळाला काचेत ठेवलंय’ म्हणतात तिथे, नऊशे ग्रॅमचं बाळ असतं. त्याला ऑक्सिजन कमी पडला तर मेंदूला धोका आणि जास्त झाला तर डोळ्यांच्या पडद्याला. औषधाचा डोस मिलिलिटरच्या दशांशात मोजायचा. केसाएवढ्या शिरेत सुई घालायची, ती सुजली तर वेळेत ओळखायची. फोटोथेरपीखालच्या, म्हणजे काविळीसाठी निळ्या दिव्याखाली ठेवलेल्या बाळाच्या डोळ्यांवरची पट्टी सरकली का ते बघायचं, आणि हात धुण्यात एकदाही हयगय करायची नाही, कारण जंतुसंसर्ग या बाळांना तासांत घेऊन जातो. हे काम नोंदणीकृत परिचारिकेचं आहे. महाराष्ट्रात परिचारिका म्हणून काम करायला महाराष्ट्र परिचर्या परिषदेची नोंदणी लागते आणि ती एएनएम, जीएनएम (हे पदवीखालचे नर्सिंगचे अभ्यासक्रम) किंवा बी.एस्सी. नर्सिंग या मान्यताप्राप्त शिक्षणानंतरच मिळते. वर्षभराच्या डिप्लोमानं ती मिळत नाही. मग अशा मुलीला हॉस्पिटलात घेतात ते मदतनीस म्हणून, पगारही मदतनिसाचा. पुढची पायरी नाही, सरकारी जाहिरातीला अर्ज करता येत नाही, परदेशात तर कोणी विचारत नाही. ‘शंभर टक्के नोकरी’ हे कदाचित खरंही असेल, कारण स्वस्तात राबणारे हात सगळ्यांनाच हवे असतात. पाच हजार परत मागा. नाही मिळाले तर सोडून द्या, पण उरलेले ८० हजार घालू नका.

लेकीनं पत्रासोबतच्या चिठ्ठीत सोनोग्राफी टेक्निशियनचंही विचारलंय. पीसीपीएनडीटी, म्हणजे गर्भलिंगनिदान बंदीच्या कायद्यामुळे आपल्याकडे गर्भवतीची सोनोग्राफी नोंदणीकृत केंद्रात पात्र डॉक्टरनेच करायची असते. पोटातलं बाळ बघायला मिळेल म्हणून ती वाट धरायची असेल तर धरू नये.

नीटचंही एकदा मिटवून टाकू. ३४१ गुणांवर तुमच्या ओबीसी प्रवर्गातून इथे सरकारी एमबीबीएस मिळत नाही. नवजात बाळांची डॉक्टर व्हायला साडेपाच वर्षं एमबीबीएस, तीन वर्षं बालरोगातली एमडी आणि मग तीन वर्षं निओनॅटॉलॉजीची डीएम लागते. तिसऱ्यांदा बसायची तिची स्वतःची इच्छा असती तर मी वेगळं बोलले असते. पण तिची चिठ्ठी मी दोनदा वाचली, तिला ‘डॉक्टर’ नकोय, तिला बाळांजवळ असायचंय. डॉक्टर राउंड घेऊन जातात. बारा-बारा तास बाळाजवळ सिस्टर असते.

म्हणून माझं मत बी.एस्सी. नर्सिंग, आणि तेही महाराष्ट्रात, सीईटी सेलच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून. त्याला नीट लागत नाही, राज्याची वेगळी नर्सिंग सीईटी आहे. राखीव प्रवर्गाला पीसीबी आणि इंग्रजीत ४० टक्क्यांची अट आहे, ती तिची सहज पूर्ण होते. चार वर्षांची पदवी नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची. तिच्या मनातला विषय, मिडवाइफरी आणि प्रसूती परिचर्या, सहाव्या-सातव्या सत्रात येतो. बालआरोग्य पाचव्या-सहाव्यात. आणि नोंदणी होते ती ‘परिचारिका’ आणि ‘प्रसविका’ अशी दोन्हींची. म्हणजे लेबर रूमचा दरवाजा त्याच कागदावर उघडतो.

पैशाचं बघा. २०२४-२५ पासून आपल्या सरकारनं आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केलं आहे, वैद्यकीय शिक्षण विभागाचे अभ्यासक्रमही त्यात आहेत. अट एकच मोठी: प्रवेश केंद्रीय प्रक्रियेतून हवा. व्यवस्थापन कोट्यातून घेतला की माफी गेली. वसतिगृह, मेस, गणवेश हा खर्च तुमच्याकडेच राहतो, त्याची तयारी ठेवा. बंगळुरूला गेलात तर ही सवलत मिळत नाही. शिवाय तिथल्या प्रत्येक कॉलेजचं नाव भारतीय परिचर्या परिषदेच्या यादीत असेलच असं नाही. नसेल तर परत येऊन महाराष्ट्रात नोंदणी करताना घोडं अडतं. मामांचा हेतू चांगला आहे, एजंटचं कमिशनही चांगलं असतं.

बी.एस्सी.ला नंबर नाही लागला तर जिल्हा रुग्णालयाला जोडलेल्या शाळेतलं जीएनएम, तीन वर्षांचं. त्याचीही सीईटी आहे. तिथे शिकणाऱ्या मुलींच्या हाताखालून जितकी बाळंतपणं जातात तितकी पुष्कळ खासगी कॉलेजांच्या मुलींच्या हातून जात नाहीत. पुढे दोन वर्षांची पोस्ट बेसिक पदवी करता येते. खासगी कॉलेज निवडावं लागलंच, तर त्यांना एवढंच विचारा की तुमचं स्वतःचं हॉस्पिटल कुठे आहे आणि तिथे महिन्याला किती बाळंतपणं होतात. उत्तर गोलमोल आलं की समजा.

आता पगार. या क्षेत्रात पगार ठरतो तो तुम्ही लेबर रूममध्ये आहात की एनआयसीयूत यावर नव्हे, तुमचा मालक कोण यावर. एकच काम, एकाच जिल्ह्यात, चार वेगवेगळ्या आकड्यांना चालतं.

राज्य सरकारच्या नियमित सेवेत अधिपरिचारिकेची, म्हणजे स्टाफ नर्सची वेतनश्रेणी ३५,४०० ते १,१२,४०० आहे, त्यावर महागाई भत्ता आणि घरभाडं. केंद्राकडे, म्हणजे नागपूरसकट सगळ्या एम्समध्ये, नर्सिंग ऑफिसरची सुरुवात ४४,९०० मूळ पगारापासून होते. त्याची परीक्षा नॉरसेट, आणि एम्समधल्या या जागांपैकी ८० टक्के महिलांसाठी. बी.एस्सी. झाल्या झाल्या बसता येतं, जीएनएमला मात्र पन्नास खाटांच्या हॉस्पिटलातला दोन वर्षांचा अनुभव मागतात. लातूर-उदगीरच्या मुली या परीक्षेची तयारी नीटसारखी जीव तोडून करत नाहीत, याचं मला कोडं आहे.

याच्या उलट टोकाला राष्ट्रीय आरोग्य अभियानाची कंत्राटी जागा. जिल्हा रुग्णालयातल्या एसएनसीयूत, सरकारी काचेच्या खोलीत, काम करणाऱ्या कितीतरी सिस्टर याच आहेत, आणि जाहिरातीत त्यांचं मानधन २०,००० रुपये असतं. शेजारच्या कायम सिस्टरचं आणि हिचं काम एक, रात्रपाळी एक. दहा वर्षं झालेल्यांना नियमित सेवेत घेण्याचा निर्णय २०२४ साली झाला, पण त्याच्या अंमलबजावणीसाठीही त्यांना आंदोलनं करावी लागली. तरीही पहिल्या नोकरीसाठी मी या जागेला नाही म्हणणार नाही. वर्ष-दोन वर्षांत हात जो बसतो तो इतरत्र बसत नाही. फक्त तिथेच बसून राहू नये, नॉरसेट आणि सरळसेवेच्या जाहिराती बघत राहावं.

खासगीत फार तफावत आहे. माझ्याकडे येणाऱ्या मुली सांगतात त्यावरून तालुक्याच्या मॅटर्निटी होममध्ये नवीन मुलीला दहा ते पंधरा हजार, पुण्या-मुंबईच्या मोठ्या एनआयसीयूत पंचवीस ते पस्तीस. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून नेमलेल्या समितीनं २०१६ मध्ये शिफारस केली होती की पन्नासपेक्षा कमी खाटांच्या हॉस्पिटलातही वीस हजारांखाली पगार नसावा आणि दोनशेच्या वर खाटा असतील तर सरकारी परिचारिकेइतकाच असावा. शिफारस कागदावर आहे. मुलाखतीला जाताना तिला हे ठाऊक असावं एवढंच. आणि मूळ कागदपत्रं अडकवून ठेवणाऱ्या ठिकाणी रुजू व्हायचं नाही, पगार कितीही सांगोत.

तुम्ही अंगणवाडीत आहात म्हणून आणखी एक वाट सांगते. बी.एस्सी. नर्सिंगवर उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी होता येतं: २५,००० मानधन आणि कामगिरीवर १५,००० पर्यंत. तुमच्या गावच्या आशाताई बाळंतपणानंतर बेचाळीस दिवसांत सहा-सात वेळा घरी येऊन बाळाचं वजन-ताप बघतात ना, ती पद्धत गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं उभी करून दाखवली, मग ती देशभर गेली. बाळं वाचवायला काचच लागते असं नाही. पण तिला गावात राहायचं नसेल तर आग्रह करू नका.

नोंदणी आणि दोनेक वर्षांचा अनुभव हातात आला की मग खासियत. इथे तिच्या आवडीच्या गोष्टी आहेत. नवजात परिचर्येची एक वर्षाची पोस्ट बेसिक पदविका आहे. प्रसूती परिचर्या किंवा बालआरोग्यात दोन वर्षांची एम.एस्सी. आहे, तिच्यातून शिकवण्याकडेही जाता येतं. आणि मला सगळ्यात आशादायक वाटणारी वाट म्हणजे नर्स प्रॅक्टिशनर इन मिडवाइफरी: केंद्र सरकारनं २०१८ साली मार्गदर्शक सूचना काढल्या, दीड वर्षाचं प्रशिक्षण, त्यानंतर गुंतागुंत नसलेलं बाळंतपण मिडवाइफ स्वतःच्या जबाबदारीवर करते, डॉक्टर लागला तरच. तेलंगणानं हे आधी मनावर घेतलं, हैदराबादच्या फर्नांडिस हॉस्पिटलमध्ये त्याचं शिक्षण चांगलं होतं. यातून पगार लगेच दुप्पट होईल असं मी सांगणार नाही. कामातला अधिकार मात्र वाढतो.

स्तनपान सल्लागार हा शब्द तिनं इन्स्टाग्रामवर वाचलेला दिसतो. काम खरं आहे. आशियातली पहिली मातृदुग्धपेढी १९८९ मध्ये मुंबईच्या सायन हॉस्पिटलात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केली, आणि आज मोठ्या एनआयसीयूंना अशा सल्लागारांची गरज आहे. पण जगभर चालणारी पात्रता ‘आयबीसीएलसी’ ही आहे, तिला आरोग्यशास्त्राचे विषय, ९५ तासांचं स्तनपानाचं शिक्षण आणि शेकडो तास प्रत्यक्ष काम लागतं. नर्सला ही वाट सोपी जाते. नुसत्या शनिवार-रविवारच्या ऑनलाइन प्रमाणपत्रावर, किंवा गर्भसंस्काराच्या प्रमाणपत्रावर, शहरात खासगी वर्ग चालतात, हॉस्पिटल कामाला ठेवत नाही. डूलाचंही, म्हणजे बाळंतपणात आईला धीर देणाऱ्या सोबतिणीचंही तसंच. हे जोडधंदे आहेत, पाया नव्हे.

परदेशाचं आत्ता डोक्यात घेऊ नका. ब्रिटनच्या सरकारी सेवेत नवीन नर्सला २०२५-२६ मध्ये वर्षाला ३१,०४९ पौंड आहेत, पण तिथे नर्स आणि मिडवाइफ यांची नोंदणी वेगवेगळी, परीक्षा वेगळ्या आणि इंग्रजीची चाचणी कडक. चार वर्षांत तिचं इंग्रजी सुधारलं तर बघू.

पाहुणे म्हणतात नर्सला स्थळं येत नाहीत. येतात. पगाराची स्लिप बघून तर फार येतात.

एक गोष्ट मात्र लेकीला तुम्हीच सांगा, कारण तिनं लिहिलंय, ‘मला लहान बाळं फार आवडतात.’ एनआयसीयूतली सगळी बाळं घरी जात नाहीत. आणि जे बाळ गेलं त्याच्या आईसमोर डॉक्टरांच्या शेजारी सिस्टर उभी असते, मग दहा मिनिटांनी तिला दुसऱ्या पेटीतल्या बाळाला दूध पाजायचं असतं. तुमच्या ओळखीनं ती चार दिवस उदगीरच्या सरकारी रुग्णालयात इनचार्ज सिस्टरची परवानगी घेऊन नुसती बसली, एखादी रात्रपाळी बघितली, तर तिला स्वतःलाच कळेल. बघून परत आली आणि तरी हेच म्हणाली, तर मग सीईटीचा अर्ज भरा.

अधिवास, राष्ट्रीयत्व आणि उत्पन्नाचा दाखला तहसीलमधून आत्ताच काढून ठेवा. नॉन-क्रिमिलेअर काढलंय असं लिहिलंय, त्याची मुदत तपासा. दरवर्षी प्रवेशाच्या आठवड्यात मुदत संपलेला दाखला घेऊन रडत येणारे पालक मी बघते. आणि पसंतीक्रम भरताना आधी सरकारी कॉलेजं, मग हॉस्पिटल असलेली खासगी. यादी तयार झाली की मला पाठवा, नावं बघून सांगते.