आधी नोंदवही, मग ई-रिक्षा

प्रश्न : मी नागपुरातील एका महाविद्यालयात राष्ट्रीय सेवा योजनेची कार्यक्रम अधिकारी आहे. पेंचच्या बाजूला आम्ही दत्तक घेतलेल्या गावाजवळ यंदा एप्रिलमध्ये वणवा पेटला. जीवितहानी झाली नाही. पण दोन टोल्यांवरचे (गावाबाहेरच्या वस्त्यांवरचे) गोठे, काही मोटारसायकली आणि शाळकरी मुलींच्या सायकली जळाल्या. अमेरिकेत वणव्यानंतर तरुणांना पर्यावरणपूरक वाहतुकीचे नेतृत्व करण्यास शिकवतात, असे वाचनात आले. एका दात्याने दोन ई-रिक्षा देऊ केल्या आहेत. सात दिवसांच्या शिबिरात गावातील वीस मुलामुलींना काय शिकवावे?

उत्तर : आपल्या पत्रात ई-रिक्षा दोन आणि प्रशिक्षणार्थी वीस, हे आकडे आहेत, परंतु त्या टोल्यांवरून रोज किती माणसे कोठे जातात, हा आकडा नाही. शिबिराचे पहिले दोन दिवस तोच मिळवण्यात घालवावेत, असे मी सुचवेन. सकाळची एसटी कोण पकडते, काळीपिवळीला किती भाडे पडते, दवाखान्यात नेण्यासाठी कोणाला बंडी जुंपावी लागते आणि कोणत्या घरातील म्हातारे माणूस फाट्यापर्यंतही चालू शकत नाही, हे मुलांनी घरोघर विचारून एका वहीत उतरवावे. ही वही दुहेरी कामाची आहे. एरवी तिच्यावरून गाडीच्या फेऱ्या ठरतील आणि पुन्हा वणवा आलाच, तर आधी कोणाच्या दारात जायचे हेही तिच्यावरूनच कळेल.

अमेरिकेच्या उदाहरणातून घेण्यासारखे आहे ते नेमके हेच. कॅलिफोर्नियातील पॅराडाइज हे गाव ८ नोव्हेंबर २०१८ रोजी जळाले, तेव्हा त्या वणव्यात ८५ माणसे दगावली आणि १८ हजारांहून अधिक इमारती नष्ट झाल्या. बाहेर पडणारे रस्ते मोजके असल्यामुळे मोटारींच्या रांगा जागच्या जागी खिळल्या आणि काही जण गाडीतच मरण पावले. त्या रांगेत शाळेची एक बस होती. काही महिन्यांपूर्वीच नोकरीला लागलेल्या चालकाने २२ मुले आणि दोन शिक्षिका यांना काही तासांच्या प्रवासानंतर सुखरूप बाहेर काढले. धूर आत येऊ लागला तेव्हा त्याने अंगातला शर्ट फाडून त्याच्या पट्ट्या पाण्यात भिजवल्या आणि मुलांना नाकातोंडाशी धरायला दिल्या. घरटी मोटार असलेल्या त्या गावात ही मुले वाचली ती एका सामाईक वाहनामुळे आणि ते चालवणाऱ्याच्या प्रसंगावधानामुळे, हे मुलांना जरूर सांगावे.

त्याच गावाची दुसरी बाजूही लपवू नये. पादचाऱ्यांच्या सोयीसाठी तेथील मुख्य रस्त्याच्या बाजारपेठेतील मार्गिका आगीच्या काही वर्षे आधी कमी केल्या होत्या आणि त्यावरून पुढे बरीच टीका झाली. पर्यावरणपूरक वाहतूक म्हणजे रस्ता अरुंद करणे, असे समीकरण जंगलाच्या कडेच्या गावात चालणार नाही. आपल्या गावात निसटण्याची वाट बहुधा एकच असेल. म्हणून तिसऱ्या दिवशी मुलांनी ती वाट पायी तुडवावी, पडीक लाकडे आणि अरुंद वळणे टिपावीत आणि जाळरेषेची, म्हणजे आग पसरू नये म्हणून मोकळ्या ठेवलेल्या पट्ट्याची, साफसफाई कोठपर्यंत झाली आहे, हे वनरक्षकांसोबत पाहावे. वणव्याचा हंगाम १५ फेब्रुवारीपासून धरतात. शिबिर त्याच्या आधी उरकले पाहिजे. जळालेल्या उतारावर पहिल्या पावसाचे पाणी मुरत नाही, राख आणि माती ओढ्यात उतरते व रपटा (ओढ्यावरचा ठेंगणा पूल) तुंबतो, त्यामुळे जूनमध्ये हीच पाहणी पुन्हा करावी लागेल.

एक मर्यादा मात्र पहिल्याच दिवशी स्पष्ट करावी : आग विझवणे हे या मुलांचे काम नाही. एप्रिल २०२१ मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पात आग विझवताना तीन मजुरांचा होरपळून मृत्यू झाला, आणि त्यांना तर जंगलाची सवय होती. राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय आपल्या नागपुरातच आहे. तेथील एखादा प्रशिक्षक एक दिवस मिळाला, तर धुरात केव्हा थांबावे आणि केव्हा मागे फिरावे, हे तो अधिकाराने सांगू शकेल.

ई-रिक्षा घ्याव्यात, पण त्यांच्याकडून अवाजवी अपेक्षा नको. कायद्याने त्यांची वेगमर्यादा ताशी २५ किलोमीटर आहे आणि प्रवासी चारच बसतात. खडीच्या चढावर तेवढेही जड जातात. २०१७ मध्ये नागपुरात विजेवरच्या टॅक्सी मोठ्या गाजावाजात आल्या आणि चार्जिंगसाठी रांगा लावून चालक वैतागले, हे अनेकांना आठवत असेल. गावात तर वीज गेली की ती केव्हा येईल, याचा नेम नसतो. म्हणून दोन्ही गाड्या एकाच वेळी चार्जिंगला न लावणे, एक कायम निम्म्याहून अधिक भरलेली ठेवणे, उन्हातून आलेली बॅटरी सावलीत थंड होऊ देणे आणि चार्जिंग हवेशीर जागीच करणे, एवढे नियम भिंतीवर लिहून घ्यावेत. वणव्याच्या दिवसांत माणसे हलवण्यासाठी ट्रॅक्टर आणि काळीपिवळी यांचे चालक आधीच ठरलेले असावेत. त्यांचे मोबाइल क्रमांक त्याच नोंदवहीच्या पहिल्या पानावर असू द्यावेत.

राहिला नेतृत्वाचा प्रश्न. फेऱ्यांची वेळ बदलण्याचा आणि भाड्याच्या पेटीचा हिशेब ठेवण्याचा अधिकार मुलांकडे नसेल, तर ती केवळ बिनपगारी चालक ठरतील. हा अधिकार ग्रामसभेच्या ठरावाने द्यावा आणि हिशेब ग्रामसभेतच वाचावा, शक्यतो मुलींनी, कारण जळालेल्या सायकली त्यांच्या होत्या. टोप्या आणि ओळखपत्रे वाटून छायाचित्र काढण्याचा मोह शिबिराच्या शेवटपर्यंत आवरावा. आमच्या काळी आम्हालाही तो आवरत नसे.

प्रश्न : वरीलसारख्याच एका उपक्रमात माझी सतरा वर्षांची मुलगी ई-रिक्षा चालवू इच्छिते. हरकत आहे का? — एक पालक, नागपूर

उत्तर : हरकत आहे. सार्वजनिक रस्त्यावर प्रवासी वाहन चालवण्याचे तिचे वय नाही, आणि मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन चालकाच्या पालकांना व वाहनमालकाला २५ हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. वय भरल्यावरही ई-रिक्षाच्या परवान्यासाठी किमान दहा दिवसांचे प्रशिक्षण लागते. तोवर तिला विजेची सायकल वापरता येईल : मोटार २५० वॅटपेक्षा कमी क्षमतेची, वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत आणि बॅटरी वगळता वजन ६० किलोपर्यंत असेल, तर अशा सायकलीला मोटार वाहन मानत नाहीत आणि परवानाही लागत नाही. खरेदीपूर्वी विक्रेत्याकडून चाचणीचे प्रमाणपत्र मागून घ्यावे.